डाव्या चाकाचा ताल

देवचंदआबांनी जॅक लावून गाडीची पुढची डावी बाजू उचलली, चाक वरून-खालून दोन्ही हातांत धरलं आणि पाळणा हलवावा तसं हलवलं.

टक. टक. टकाक.

भिंतीला टेकून उभ्या रोहिदासच्या ओठांवर गाण्याची ओळ आपोआप आली. त्यानं ती तिथंच दाबली. पण पायाचा अंगठा चपलेत हललाच.

"कधीपासून वाजतंय?" आबांनी विचारलं.

"वाजतंय थोडे दिवस."

"थोडे दिवस." आबांनी चाकाचे नट सोडवायला घेतले. "कापसाच्या गाठीला विचारलं, तू कधी भिजली, तर ती म्हणे, आत्ताच दोन थेंब पडले."

चोपड्याला यावल रस्त्यावर देवचंदआबांचं गॅरेज. निळ्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या शेजारी घड्याळ, घड्याळाखाली खिळ्यांना टांगलेले पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत. आबा कमी बोलत, पण बोलले की माणसाला बसायला जागा सापडत नसे. घड्याळात बारा वाजले होते. रोहिदासनं फोनवर सांगितलेल्या आवाजावरून आबांनी कालच जळगावहून मागवलेलं सामान सकाळच्या एस.टी.नं आलं होतं, आणि गाडी चार वाजता रतिलालशेठच्या केळीच्या बागेत लागायची होती.

पिकअप रतिलालशेठची. रोहिदास तिच्यावर पाच वर्षांपासून ड्रायव्हर. दिवस उजाडताना तो डोंगराच्या पायथ्याशी आपल्याच गावात गाडी लावायचा, बावीस-चोवीस बायका चढवायचा आणि बागांत नेऊन सोडायचा. दुपारनंतर त्याच गाडीत केळीचे घड भरायचा. घड भरायच्या आधी खाली केळीची पानं अंथरायची, त्यावर स्पंजची गादी, कडेनं पुन्हा पानं. घड तान्ह्या पोरासारखे निजवायचे. घड उतरले की गादी गुंडाळून गोदामात, पानं म्हशीपुढं. सकाळी बायका पुन्हा उघड्या पत्र्यावर.

रेशमाकाकू एकदा चढता चढता म्हणाली होती, "पुढच्या जन्मी केळी होऊसूत वं बाई. शेट गादीवर निजाडी."

"आणि मंग काय, कापी खाई," मागून कोणीतरी म्हणालं होतं. सगळी गाडी हसली होती.

त्या हसण्यातूनच गाणं सुरू व्हायचं. सुरू करायची ती रोहिदासची माय, धनाबाई. तिची जागा ठरलेली: केबिनच्या पाठीला टेकून, डाव्या कोपऱ्यात. बाकीच्या बायका तो कोपरा टाळायच्या, तिथं हादरा जास्त बसायचा. धनाबाईला तोच हवा असायचा. जात्यावर बसून गायलेली बाई ती. हाताखाली काही फिरत असल्याशिवाय तिच्या गळ्याला ओळ फुटत नसे. गावात गिरणी आली, जातं उलटं पडलं आणि तिची गाणी दहा-बारा वर्षं मुकी झाली. मग एके दिवशी गाडीचं डावं चाक वाजायला लागलं. नाल्याच्या उतारापासून पक्की सडक लागेपर्यंत एकसारखं, दोन साधे ठोके आणि तिसरा अडखळता. धनाबाईनं पत्र्याला कान लावला, मान हलवली आणि गायली:

*टक टक टकाक, चाक मारस हाक,*
*चाल वं बहिनी, दिन उगाना धाक.*

दिवस उगवायचा धाक. बायकांनी ओळ उचलली. दुसऱ्या दिवशी नवी ओळ आली, तिसऱ्या दिवशी आणखी. बाग येईपर्यंत चाळीस कडवी व्हायची. सासू त्यात यायची, मुकादम यायचा, रतिलालशेठचं पोट यायचं. दुसऱ्या मुकादमांच्या गाड्याही त्याच गावातून बायका न्यायच्या, पण बायका थांबायच्या रोहिदासच्या गाडीसाठी. "गाणारी गाडी" हेच तिचं नाव पडलं. रोहिदासला त्याचा मान वाटे. एकदा त्यानं शेठला म्हटलं होतं, "पुढं डावीकडं आवाज येतोय, गाडी दाखवून घेऊ का?" शेठ म्हणाले, "चालतीय ना? मग आवाज तुझ्या कानात असंल. खेप बुडवू नको." रोहिदासनं पुन्हा विचारलं नाही. शेठची भीती होतीच. पण दुसरंही एक कारण होतं, आणि ते त्यानं स्वतःलाही मोठ्यानं सांगितलं नव्हतं: आवाज गेला तर गाणं जाईल.

खटखट असलेलं यंत्र दुरुस्त करतात. खटखटीवर गाणं बांधलं की ती खटखट घरातली होते.

"इकडं ये," आबा म्हणाले.

चाक बाजूला पडलं होतं. आबांनी दोन हातोडे घेतले, एक टेकवला, दुसऱ्यानं मारला. चौथ्या घावाला सांधा सुटला. चाकाला खालच्या लोखंडी हाताशी जोडणारा गोळ्याचा सांधा, बॉल जॉइंट. माणसाच्या खांद्याला असते तशी वाटी आणि तिच्यात गोळा. त्यावरचं रबर फाटलेलं, आतलं ग्रीस मातीत कालवून सुकलेलं. आबांनी तो हातात धरून हलवला. गोळ्याचा दांडा मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखा इकडून तिकडं पडला.

टक. टक. टकाक.

"हा तुझा आवाज. आणि हे बघ." त्यांनी बोटानं बुश उकरला, काळं रबर करपल्या भाकरीसारखं चुरत खाली पडलं. शॉकअप काढून जमिनीवर उभा केला, दाबला. तो खाली गेला आणि खालीच राहिला. आबांनी पेटीतला नवा काढून दाबला, तो सावकाश वर आला, श्वास घेतल्यासारखा. "जुन्यात जीवच नाही. खड्ड्याचा सगळा धक्का चेसीत, सांगाड्यात. आणि चेसीतून कुठं?"

रोहिदासनं खाली पडलेला रबराचा चुरा चपलेनं सारला.

"केबिनमागं. डाव्या अंगाला. तिथं काय असतं तुझ्या गाडीत?"

"घड," रोहिदास म्हणाला.

"घडच म्हणून तर आज आलास." आबांनी स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीचं, टाय रॉडचं, टोक सोडवून त्याच्या तळहातावर ठेवलं. तेही लुळं. "स्टिअरिंगला चार बोटं प्ले. खड्डा दिसतो, हात फिरतो, चाक मात्र आपल्या मर्जीनं फिरतं. हे एका महिन्याचं नाही, रोहिदास. दोन वर्षं झाली असतील. तुला कळलं नाही असं मला सांगू नको. ड्रायव्हरच्या हाताला सगळ्यात आधी कळतं."

हाताला कळलं होतं.

मागचा भाद्रपद. रात्रभर पडून पाऊस पहाटे थांबला होता. नाल्याच्या अलीकडं डाव्या बाजूला रस्ता खचला होता. रोहिदासला खड्डा दिसला, चांगला वीस हात आधी दिसला. त्यानं चाक उजवीकडं घेतलं. हात फिरला आणि गाडी तशीच गेली. मग वळली, पण तोवर डावं चाक खाली उतरलं होतं. मागं गाणं रंगात आलेलं. एका ओळीच्या मधोमध धप्प आवाज झाला, बायका एकमेकींवर पडल्या आणि शिव्या देत हसायला लागल्या. धनाबाई हातभर उडून पत्र्याच्या वर आलेल्या कडेवर आदळली होती. तिनं ती ओळ पुरी केली. सगळ्यांनी ऐकलं, तिनं पुरी केली. आणि मग म्हणाली, "रोही, माले उठता येत नही रे."

जळगावच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मणका दबलाय, म्हणाले. वाकायचं नाही, ओझं नाही, गाडीत बसायचं नाही. तेव्हापासून धनाबाई दारातल्या खाटेवर. पाठीला उशी लावून घटकाभर बसायची, बाकी वेळ आडवी.

बघायला येणाऱ्यांना रोहिदास सांगायचा, "रस्ताच तसा आहे." शेठला तेच सांगितलं, बायको सरितालाही तेच. ग्रामपंचायतीत जाऊन रस्त्याविरुद्ध अर्जही दिला. आणि धनाबाईनं तर त्यावर ओवी केली. आल्या-गेल्याला ती ऐकवायची:

*रस्ता मन्हा वैरी, कंबर मन्ही खाये,*
*गाडी मन्हा लेकनी, फूलवानी जाये.*

माझ्या लेकाची गाडी फुलासारखी जाते. ती ओवी सुरू झाली की रोहिदास गुरांना पाणी दाखवायला उठायचा.

गाणं मात्र तुटलं नव्हतं. घर नाल्याच्या वरच्या अंगाला, रस्त्याला लागून. गाडी उताराला लागली की धनाबाईला खाटेवर टकटक ऐकू यायची. गावातल्या दहा गाड्यांतून ती हीच ओळखायची. दारासमोर गाडी आली की ती खाटेवरून पहिली ओळ टाकायची, गाडीतल्या बायका ती झेलायच्या आणि घेऊन जायच्या. तिच्या कोपऱ्यात आता सरिता बसायची. सासूनंच बसवलं होतं. "तठेच बस," तिनं सांगितलं होतं, "तठे ताल साफ ऐकू येस."

पाच महिने सरिता तिथं बसत होती. पाच महिने रोहिदास रोज आरशात तिच्या पदराचं टोक बघत होता आणि खड्डा आला की वीस हातांऐवजी चाळीस हातांवरून चाक फिरवत होता. याला तो सांभाळून चालवणं म्हणायचा.

आणि परवा व्यापाऱ्यानं केळीचे घड परत पाठवले. माल उतरल्यावर दोन दिवसांनी घडांवर काळे डाग उठले होते. सगळे डाव्या अंगाच्या, पुढच्या थरातले. रतिलालशेठ स्वतः गोदामात आले, एक फणी उचलून उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा पडला. "अरे, धक्का लागलाय याला," ते इतक्या मऊ आवाजात म्हणाले की रोहिदासला वाटलं आता ते त्या फणीवरून हात फिरवणार. "लगेच गाडी दाखव. काय लागंल ते टाक. केळीला धक्का सोसत नाही."

शेठचा फोन आला तेव्हा आबा नव्या बुशवर घाव घालत होते.

"रोहिदास, कुठवर आलं?"

"होतंय शेठ."

"चारला बाग चुकवायची नाही. आणि गादी डबल घाल आज."

"हो."

"आवाज कशाचा होता, कळलं का?"

"कळलं."

"बघ, मी म्हणत होतो दाखवून घे," शेठ म्हणाले आणि फोन ठेवला.

आबांनी नवा बॉल जॉइंट बसवला, नट आवळला, त्याच्यात पिन घालून तिची टोकं उलटी मोडली. टाय रॉडची टोकं दोन्हीकडची बदलली. शॉकअप चढवले. ग्रीस भरलं. मग पुढच्या-मागच्या चाकांना बाहेरून दोरी ताणून, एक डोळा मिटून, पुढची चाकं सरळ बघतात का ते पाहिलं. दांडी अर्धा आटा फिरवली, पुन्हा पाहिलं. रोहिदासनं घड्याळाकडं बघितलं. तीनला दहा कमी.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं म्हणजे? लग्न होतं का?" आबा हात पुसत म्हणाले. "चल, एक चक्कर मार."

सडकेला लागल्यावर गाडी एकदम उजवीकडं गेली. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं शिवी दिली. रोहिदासनं घाबरून डावीकडं घेतलं, ती तितकीच डावीकडं गेली.

"हात ढिला सोड," शेजारी बसलेले आबा म्हणाले. "गाडी नीट झाली. आता तुझा हात वाकडा आहे. दोन वर्षं ओढून ओढून चालवलीस, त्याला सरळ माहीतच नाही."

रोहिदासनं हात ढिला सोडला. गाडी सरळ गेली. सांगितलं तेवढंच वळली, सांगितलं तेव्हाच वळली. खड्ड्यात उतरली तर आतल्या आत कुठंतरी मऊ दबली आणि वर आली. आवाज नाही. पुढचा खड्डा त्यानं मुद्दाम चाकाखाली घेतला. आबांनी ते बघितलं असावं, कारण ते खिडकीबाहेर बघायला लागले. धनाबाईचं त्यांच्या कानावर होतंच. चोपड्याच्या बाजारात कोणाचं लपतं?

"तुझ्या मायला काय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"रस्ता."

आबांनी मान हलवली. "रस्ता काही उलट बोलत नाही."

गॅरेजवर आल्यावर त्यांनी काढलेलं सगळं सामान रिवाजाप्रमाणं गोणपाटाच्या पिशवीत घालून दिलं. जुनं सामान मालकाला परत द्यायचं, बदललं याची खात्री म्हणून. पिशवी बांधण्याआधी आबांनी डावा बॉल जॉइंट तेवढा बाहेर काढला, चिंधीनं पुसला आणि रोहिदासच्या हातात वेगळा ठेवला.

"हा शेठला नको देऊ," ते म्हणाले.

चार वाजता गाडी बागेत लागली. खेपसुद्धा बुडाली नाही.

दुसऱ्या दिवशी दिवस उजाडताना गाडी गावात उभी राहिली. बायका चढल्या. गाडी निघाली, नाल्याचा उतार उतरली, वर चढली, आणि कोणी काही म्हणेना. सगळ्या एकमेकींकडं बघत होत्या.

"काय झायं वं हिले?" रेशमाकाकू म्हणाली. "मुकी झायी का?"

"शेटनं दवापाणी करं."

"मंग आपुन आज केळी शेत. नीट बसा, डाग पडी."

कोणी फारसं हसलं नाही. गाडी धनाबाईच्या दारावरून गेली. रोहिदासनं वेग कमी केला. खाटेवर गोधडी दिसली, तिच्यातून बाहेर आलेला पांढरा अंबाडा दिसला. माय दुसऱ्या अंगावर निजली होती. तिनं मान वळवली नाही. गाडी पुढं निघून गेली. पक्की सडक लागेपर्यंत सरितानं दोनदा पहिली ओळ धरून बघितली, पण ठोका नव्हता, ओळ पाण्यावर ठेवलेल्या पानासारखी भलतीकडं गेली. मग तिनंही सोडून दिलं. त्या दिवशी बायका गप्प गेल्या.

संध्याकाळी रोहिदास घरी आला तेव्हा धनाबाई उशीला टेकून बसली होती. सरिता चुलीपाशी.

"आज गाडी उनी नही का रे?" मायनं विचारलं.

"उनी व्हती, माय."

"मंग माले कशी ऐकू नही उनी? मी कान लाई पडेल व्हती. दिन वर उना तरी नही. माले वाटनं, गाडीच बंद पडनी का काय."

"वाजतच नही ती आता. नीट करी. नवं सामान टाकं."

"काय बिघडेल व्हतं?"

रोहिदासनं खिशात हात घातला. सकाळपासून तो लोखंडाचा तुकडा त्याच्या मांडीला लागत होता. त्यानं तो मायच्या हातात ठेवला. आबांनी पुसला होता तरी ग्रीसचा काळा डाग तिच्या तळहाताला लागला. तिनं तो उलटासुलटा करून बघितला. जड होता, म्हणून दुसरा हात खाली लावला. दांडा कलला.

टक.

धनाबाई थांबली. पुन्हा कलवला. टक. टकाक.

चुलीपाशी सरिताचा हात पिठात थांबला.

"हाईच व्हतं?" माय म्हणाली.

"हाईच."

"किती दिनपासून?"

"दोन साल."

"तुले माहीत व्हतं?"

रोहिदास खाटेपाशी खाली बसला. मग म्हणाला, "त्या दिवशी मी चाक फिरवं, माय. खड्डा दिसना व्हता माले. गाडीच वळनी नही. रस्ता..." त्यानं मान हलवली. "एकट्या रस्त्याचं काम नव्हतं."

दांडा धनाबाईनं अंगठ्यानं एका बाजूला दाबून धरला होता, वाजू नये म्हणून. रडली नाही. शिवी दिली असती तर रोहिदासला बरं वाटलं असतं. तिनं शेवटी विचारलं ते भलतंच.

"नीट कराले किती टाईम लागना?"

रोहिदासची या प्रश्नाची तयारी नव्हती. कितीचं सामान, पैसे कोणी दिले, हे सगळं त्यानं मनात जुळवून ठेवलं होतं.

"एक दुपार," तो म्हणाला.

"एक दुपार."

"हो."

"आणि खेप?"

"खेप बुडनी नही."

धनाबाईनं मान हलवली, हिशेब समजल्यासारखी. "केळीस्ले लागनं नही ना मंग?"

"माय."

"नही, इचारस फक्त." तिनं तो तुकडा उशीच्या कडेला ठेवला आणि सरिताला म्हणाली, "भाकर टाक वं त्याले. दिनभर गाडी चालाडी उना तो."

सरितानं भाकरी टाकली. ताटात वाढली. ताट त्याच्या हातात न देता जमिनीवर ठेवलं.

सकाळी गाडी नाल्याच्या उताराला लागली तेव्हा रोहिदासनं हॉर्न वाजवला. मायला कळावं म्हणून. दारासमोर गाडी उभीच केली, इंजिन बंद केलं. मागं बायका सरसावून बसल्या. गाडी थांबली म्हणजे म्हातारी ओळ टाकणार. रेशमाकाकूनं घसा खाकरला. आरशात सरिताचा पदर दिसत नव्हता. ती आज कोपरा सोडून मागच्या फळीला बसली होती, कोपरा रिकामा होता.

धनाबाई उशीला टेकून बसलेली होती, तोंड रस्त्याकडं. तिनं गाडीकडं बघितलं, बायकांकडं बघितलं. रोहिदासकडंही बघितलं. ओठ मिटलेले होते. मग गोधडीखालून तिचा हात बाहेर आला.

टक. टक. टकाक.

बायका ओळीची वाट बघत राहिल्या. ओळ आली नाही. नुसता ठोका येत राहिला, दोन साधे आणि तिसरा अडखळता, दोन साधे आणि तिसरा अडखळता.

"कशाना आवाज शे हाऊ?" कोणीतरी विचारलं. सरितानं मान दुसरीकडं वळवली.

रोहिदासनं चावी फिरवली. गाडी निघाली, खड्ड्यात मऊ दबली, वर आली. वळणापर्यंत तो आवाज मागून येत होता.